दर सोमवारी शंभर पानं

७ जुलै, सोमवार

ताई,

आधी आकडा, मग बाकीचं, असं तू बजावलं आहेस. तर आकडा: शंभर पानं तोडली, ठिपक्याचं एकही नाही. शून्य.

आता बाकीचं. तुझं कार्ड मी स्वयंपाकघराच्या दारामागे, हात पुसायच्या फडक्याशेजारी खिळ्याला अडकवलं आहे. त्यामुळे दिवसातून दहा वेळा तरी अट वाचली जाते. नाल्यापलीकडचं तुझं रान यंदा साखरेच्या बिटासाठी मला. बदल्यात दर सोमवारी तिथली शंभर पानं तोडायची, त्यांतली किती ठिपक्यांची ते लिहायचं आणि टपालात टाकायचं. फोन करायचा नाही, कारण फोनवर मी गोड बोलतो. आणि एक जरी आकडा खरा नसला, तर पुढच्या हंगामापासून रान शेजारच्या ‘लगेच’ला. चार वर्षांनी बहिणीचं अक्षर बघायला मिळालं आणि त्यात ही तंबी. तरी हिच्यासमोर मी ते कार्ड दोनदा मोठ्याने वाचलं.

लगेच खुशीत आहे. परवा कुंपणावर हात टेकून म्हणाला, “ताईंनी हो म्हणायचा अवकाश, मी लगेच नांगर घालतो.” एवढी वर्षं झाली, त्याच्या तोंडचा तो शब्द सुटत नाही, म्हणून आपल्यालाही त्याला दुसऱ्या नावाने हाक मारता येत नाही. माणूस वाईट नाही. पण तुझ्या रानात त्याचा ट्रॅक्टर मला बघवणार नाही, हे तुला आत्ताच सांगून ठेवतो.

पीक छान आहे. हसू नकोस. काहीही विचारलं की मी ‘छान आहे’ म्हणतो म्हणून तू मला लहानपणी छानराव केलंस, पण यंदा खरंच छान आहे. सऱ्या मिटल्या, दोन्हीकडची पानं एकमेकांना लागली, आत चालताना गुडघ्यापर्यंत सळसळ होते. कारखान्याची निरीक्षक म्हणून तीस वर्षं तू लोकांच्या रानांतून पानं मोजत फिरलीस. माझ्या बांधाशी आलीस की मात्र मी तुला चहाला बसवायचो आणि पानं राहूनच जायची. आता तू चौथ्या मजल्यावर बसून माझ्याकडून मोजून घेते आहेस. काळजी करू नकोस, मोजतो.

दाजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, पत्त्यांचा डाव माझ्याशिवाय रंगत असेल तर तो पत्त्यांचा दोष.

१४ जुलै, सोमवार

ताई,

शून्य.

तुझं कार्ड मिळालं. “भिंग वापरतोस का?” एवढ्या तीन शब्दांसाठी तिकीट लावणारी बाई या जगात तू एकटीच असशील. खरं सांगतो, वापरत नव्हतो. खणात बटणं, संपलेले सेल आणि जुन्या घराच्या किल्ल्या यांच्याखाली सापडलं. आता गळ्यात दोरीने बांधून फिरतो. ही म्हणते, घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखा दिसतो. पानावरची लव दिसली, एक मावा दिसला, तो इतक्या ऐटीत चालला होता की मला बाजूला व्हावंसं वाटलं. ठिपका दिसला नाही.

रात्री उकडतं आणि सकाळी साडेनऊपर्यंत पानांवरचं दव वाळत नाही. विजार मांडीपर्यंत भिजते. उबदार रात्र आणि ओलं पान, बुरशीला एवढंच लागतं, असं तू प्रत्येक शेतकऱ्याला सांगायचीस, ते आठवून मी रोज ढगांकडे बघतो. पण पीक टवटवीत आहे, आणि पहाटे तिथे उभं राहिलं की दुसरीकडे कुठे जावंसं वाटत नाही.

२१ जुलै, सोमवार

ताई,

आकडा: दोन.

आले ते. मसुरीएवढा गोल ठिपका, मधे राखेच्या रंगाचा, कडेने लालसर जांभळी रेघ. भिंग धरलं तर राखेत मिरीपूड पडावी तसे बारीक काळे कण. काळे कण असले की बुरशी. कण नसले आणि कडा वेडीवाकडी असली की तो जिवाणूंचा डाग, त्यावर बुरशीचं औषध मारून काही होत नाही. बघ, पाठ आहे. परीक्षा घेतलीस तर पहिला येईन.

शंभरात पाच झाली की फवारायचं, असं तुझं गणित. दोन म्हणजे अजून सवड आहे. लगेचने अर्थात त्याच्या रानात फवारून टाकलं, तेही भर वाऱ्यात. अर्धं औषध त्याच्या स्वतःच्या टोपीवर बसलं. मी थांबलोय. मला वाटतं, तुला आवडेल असं वागतोय.

२४ जुलै, गुरुवार

ताई,

आज सोमवार नाही, तरी लिहितोय. मागचे तिन्ही आकडे खोडून टाक.

काल ही म्हणाली, “तुमचे दोन कसे? मला तर वाटेवरूनच जास्त दिसतात.” मी म्हटलं, वाटेवरून सगळ्यांनाच सगळं दिसतं. आज सकाळी ती माझ्यामागे निघाली, शेजारच्या सरीतून चालली आणि तिनेही शंभर पानं तोडली. शेडमधल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघांनी मोजली. माझी पुन्हा दोन. तिची अकरा.

तेच रान, तीच सकाळ. मी म्हटलं, तुझी मोजण्यात चूक झाली. तिने शांतपणे पुन्हा मोजली, अकराच होती. मग मला म्हणाली, “चला, आता तुम्ही तोडा, मी बघते.” वीसेक पानं झाली असतील. म्हणाली, “अहो, तुम्ही पानं निवडता.”

“मी कशाला निवडू?”

“ते मला काय माहीत? हात ठिपक्याच्या पानापर्यंत जातो आणि शेजारचं तोडतो. तुम्हीच बघा.”

बघितलं. ताई, माझा हात मला न विचारता चांगलं पान शोधतो. खाली वाकलो की जे तजेलदार असेल तिथेच जातो. डागाच्या पानाला वळसा घालतो, रस्त्यातलं डबकं चुकवतात ना, तसा. इतकी वर्षं हा हात माझा आहे आणि मला त्याचा हा गुण माहीत नव्हता. हिला माहीत होता. म्हणाली, लग्नानंतर महिनाभरात कळला.

मग तिनेच रीत घालून दिली. दहा पावलं चालायचं, थांबायचं, मान वर ठेवायची आणि डाव्या नडगीला लागलेलं खालचं पान तोडायचं. तसं केलं तर माझीही बारा निघाली.

आता जे लिहायला नको वाटतंय ते. दुपारभर मी विचार केला की सोमवारी नुसतं ‘बारा’ लिहावं. हा रोग आठवड्यात उसळतो, तुला शंका आली नसती. लगेचलाही रान मिळालं नसतं. ही जेवताना म्हणाली, “वन्संना कधी लिहिताय?” मी म्हटलं, सोमवारी. तिने माझ्याकडे बघितलं आणि ताट उचललं. म्हणून आज लिहितोय. खोटा आकडा मी लिहिला नाही, पण खराही नव्हता, आणि तुझ्या कार्डावर ‘खरा नसला तर’ असं आहे. तू शब्द तोलून लिहितेस, मला माहीत आहे.

फवारणी आजच संध्याकाळी वारा पडल्यावर उरकली. तांब्याचं औषध आणि दुसऱ्या गटातलं एक, दोन्ही मिसळून. पाणी जास्त घेतलं, खालच्या पानांपर्यंत पोचलं. हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. रानाचं काय ते तू ठरव. तू ठरवेपर्यंत मी मोजत राहीन.

४ ऑगस्ट, सोमवार

ताई,

आकडा: तेरा. मागच्या सोमवारचे चौदा मिळाले असतील.

तुझं कार्डही मिळालं. वाटलं होतं रानाबद्दल काहीतरी असेल. तू विचारलंस, चार वर्षांपूर्वीचा आकडा काय होता. इतकं जुनं कुठे लक्षात राहतं, ताई? कागदही घरात सापडत नाहीत.

पंपाचं एक तोंड तुंबलं होतं, ते सुईने साफ केलं. दव आता थोडं लवकर वाळतं. दाजींची तब्येत कशी आहे ते लिही.

६ ऑगस्ट, बुधवार

ताई,

परवा लिहिलं की आठवत नाही. आठवतं.

आकडा नव्हता. त्या वर्षी मी एकही पान तोडलं नाही. दाजींचं ऑपरेशन झालं होतं, तू रोज पहिल्या बसने दवाखान्यात जायचीस. एका संध्याकाळी परतताना नाल्यापलीकडून तू विचारलंस, “तुझ्याकडे ठिपके दिसतात का रे? दिसत असतील तर उद्या मी जात नाही, फवारणी उरकून घेते.” मी म्हणालो, “माझं छान आहे. तू दाजींजवळ बस.” रस्त्यावरून रान हिरवंगार दिसत होतं, तेवढ्या भरवशावर म्हणालो. तुला धीर द्यायचा होता, हे खरं आहे. आत शिरून बघायचा कंटाळा होता, हे त्याहून खरं आहे.

त्या हंगामात मी एकच औषध चार वेळा मारलं होतं. सोपं पडायचं. बुरशी त्याला सरावली होती, ती मरत नव्हतीच. माझ्या रानातून वाऱ्याने आणि पावसाच्या शिंतोड्यांनी ती तुझ्याकडे आली. दाजींना घरी आणून तू रानात गेलीस तेव्हा तुझी पानं करपून जमिनीला टेकली होती.

पुढचं तर तू विसरली नसशील. महिन्याभराने नवी पानं फुटली. कारखान्याच्या फाटकाशी, चार लोकांत, मी म्हणालो, “बघ, झालं ना हिरवं? उगाच जिवाला लावून घेतलंस.” तू म्हणालीस, “ती हिरवळ कंदातली साखर खाऊन आली आहे.” जुनी पानं गेली की झाड साठवलेली साखर मोडून नवी पानं काढतं आणि काट्यावर नुसता पाण्याचा कंद येतो, हे मला माहीत होतं. तूच शिकवलं होतंस. लोकांसमोर मी खांदे उडवले. नंतर कोणी विचारलं की सांगत सुटलो, ताईचं बियाणंच हलकं होतं. तीस वर्षं सगळ्यांना पिकाचं सांगणारी तू, आणि तुझ्याबद्दल मी हे बोललो. त्याच वर्षी तू लेकीच्या शहरात राहायला गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं, ताईचे गुडघे दुखतात म्हणून गेली.

माझं चुकलं. एवढं म्हणायला चार वर्षं लागली, याची मला जास्त लाज वाटते.

हिला हे पत्र दाखवलं नाही. पण ती आत्ता येऊन चहा ठेवून गेली, न मागता, म्हणजे तिला कळलं असावं. रान लगेचला द्यायचं असेल तर दे. मी हे रानासाठी लिहिलेलं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

ताई,

आकडा: आठ.

तीन सोमवार झाले, तुझं कार्ड नाही. मी मात्र पाठवतोय: अकरा, दहा, नऊ, आज आठ. टपालवाली विचारते, दर आठवड्याला कुणाला लिहिता एवढं? मी म्हटलं, परीक्षक आहेत. ती म्हणाली, पास केलं की सांगा.

पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी केली, औषधाचा गट बदलून. जुन्या खालच्या पानांवर ठिपके आहेत ते आहेत, पण मधली नवी पानं स्वच्छ आहेत. ठिपके वर चढलेले नाहीत. हे छान आहे असं मी लिहीत नाही. ठीक आहे असं लिहितो.

एक गंमत सांगू? मला वाटलं होतं, खराब पानं बघायला लागलो तर सकाळी रानात जायचा आनंद जाईल. तसं काही झालं नाही. उलट आता रान जास्त ओळखीचं वाटतं. नाल्याकडच्या कोपऱ्यात दव उशिरापर्यंत राहतं, तिथे ठिपके जास्त. विजेच्या खांबाजवळ माती हलकी, तिथली झाडं बुटकी. पूर्वी मला सगळीकडे एकच हिरवं दिसायचं. हिने मध्ये मला विचारलं, “आता माझ्यातही दोष दिसायला लागले का?” मी म्हटलं, शंभरात एखादा. ती म्हणाली, “हात अजून सुधारला नाही.”

१५ सप्टेंबर, सोमवार

ताई,

आकडा: सात.

कार्ड मिळालं. “काढणीआधी शनिवारी येते. कोपऱ्यातली खोली झाडून ठेव.” झाडली. खिडकीची कडी बसत नव्हती, ती बसवली. गादीला ऊन दाखवलं. हिने दोनदा विचारलं, वन्संना अजून उशी उंच लागते का, आणि मला सांगता आलं नाही. दोन उशा ठेवल्या आहेत.

बस स्टँडवर मी अर्धा तास आधी येऊन थांबेन. घाबरलोय, ते लिहायला हरकत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

ताई,

तू आज दुपारच्या बसने गेलीस आणि मी संध्याकाळी पत्र लिहायला बसलो, तर ही हसते आहे. पण सोमवार आहे, आणि आज जे झालं ते तुला माहीत नाही.

आकडा तुला माहीतच आहे. काल सकाळी मी आधी एकट्याने मोजली, सहा. मग तू आलीस. तू काठी टेकायचीस, काठीला लागेल ते पान मी तोडायचो, आणि नऊ निघाली. मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, “तीन पानं तुझ्या स्वभावाची. ती मी धरूनच चालते.” हिला एवढं हसू आलं की तिला बांधावर बसावं लागलं. कारखान्याच्या माणसाने नमुन्याचे कंद नेले होते, त्यांची साखर चांगली उतरली. तू नुसती मान हलवलीस.

त्या जुन्या गोष्टीबद्दल तू काही बोलली नाहीस. नाल्यावरच्या फळीवरून येताना माझा दंड धरलास. इतक्या वर्षांत तू कधी कुणाचा आधार घेतलेला मी बघितला नव्हता. मला बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. फार बरं वाटलं.

आता आजचं. बसच्या पायरीवर उभी राहून तू माझ्या हातात पाकीट दिलंस आणि म्हणालीस, “पुढच्या वर्षी त्या रानात बीट लावायचं नाही. आत लिहिलंय सगळं.” दार लागलं, बस गेली. मी पाकीट धरून उभा. मी बिटाचा माणूस, आणि बीट लावायचं नाही म्हणजे रान गेलं. अट अटच होती, तीन आकडे चुकले होते, तुझं काहीच चुकलेलं नव्हतं. पाकीट उघडायचा धीर झाला नाही. म्हटलं, ज्याचं आहे त्याला देऊन टाकावं, धीर आहे तोवर. घरी न जाता सरळ लगेचकडे गेलो.

तो अंगणात टाकी धूत होता. मी पाकीट पुढे केलं. “घे. ताईचं रान तुझं.”

त्याने हात पुसले, कागद काढला, वाचला. पुन्हा वाचला. ताई, त्या माणसाने एखादी गोष्ट लगेच केली नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मग म्हणाला, “तू वाचलंस का हे?”

“नाही.”

“मग वाच. यात माझं नाव कुठे नाही. तुझं आहे, आणि एक खुर्ची आहे.”

त्याच्या अंगणात, पाण्याच्या टाकीला टेकून मी वाचलं. तुझं तेच निरीक्षकाचं अक्षर. पहिल्या वर्षी गहू. दुसऱ्या वर्षी वाटाणा. तिसऱ्या वर्षी मका. तीन वर्षं बिटाचा पाला मातीत पुरता कुजू द्यायचा, म्हणजे बुरशीला राहायला जागा उरत नाही. आणि मग खाली: “चौथ्या वर्षी पुन्हा बीट, छानराव. तेव्हा मी सत्तरीची असेन. मोजायला येईन, पण बांधावर हात टेकायची खुर्ची लागेल.”

लगेचने विचारलं, “रडतोयस काय?” मी म्हटलं, हो. तो आत जाऊन पाणी घेऊन आला आणि म्हणाला, चार वर्षं थांबणं त्याला जमलंच नसतं.

घरी आल्यावर हिला कागद दिला. तिने वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आता वाईट पान निवडायला लागलात होय?” मग आम्ही दोघांनी माळ्यावरून जुनी हातांची खुर्ची खाली काढली. मागचा डावा पाय डुगडुगतो, एका हाताला चीर गेली आहे, आणि बैठकीचा वेत तीन ठिकाणी सुटला आहे. चार वर्षं आहेत. करतो.

तुझा भाऊ